उन्हात दिसेल असा ट्यूनर

बागेतल्या हॉटेलचा मॅनेजर एरवी गोडगोड बोलायचा, पण त्या शनिवारी त्याने आडपडदा ठेवला नाही.

"काका, वाजवता तुम्ही छान. पण दोन गाण्यांच्या मध्ये ते जे टिणटिण, टुंइंग-टुंइंग चालतं ना, ते सगळं स्पीकरमधून ऐकू येतं. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. आवाज न करता तारा जुळवायचं यंत्र मिळतं म्हणे, पायाशी ठेवायचं. तेवढं घ्या बाबा."

"बघतो," काका म्हणाले.

हे काका म्हणजे छापखान्यातून निवृत्त झालेले मशीनमन. छापखान्यात त्यांना सगळे 'एकरंगी' म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी काळ्या शाईच्या एकाच मशीनवर काढली. पावत्या, अर्ज, उत्तरपत्रिका, वह्यांच्या रेघा. चाररंगी मशीन आलं तेव्हा मालकांनी स्वतः बोलावून घेतलं होतं. "तुमचा हात चांगला आहे, तुम्हीच घ्या ते." हे म्हणाले, "माझं मशीन मला बरं." कुणाला वाटलं माणूस भित्रा आहे, कुणाला वाटलं अंगचोर. नाव चिकटलं ते चिकटलंच. एकरंगींनीही ते हसण्यावारी घेतलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा हसणं सोपं होतं.

खरं कारण असं की त्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नव्हता. शाळेत त्यांनी झाडाचं खोड हिरवं आणि पानं लाल रंगवली तेव्हा सगळा वर्ग खो-खो हसला होता. वडिलांनी ते चित्र घडी घालून खिशात टाकलं आणि घरी येताना एवढंच सांगितलं, "हे कुणाला कळू द्यायचं नाही. नोकरी मिळायची नाही." मुलाने ते ऐकलं आणि जन्मभर पाळलं. सिग्नलला कुठला दिवा वर असतो आणि कुठला खाली, ते पाठ केलं. बाकी ठिकाणी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून वेळ निभावून नेली.

बायकोपुढे मात्र निभावलं नाही. लग्नानंतर महिन्याभरातच त्यांनी तिच्यासाठी लाल म्हणून जी शाल आणली, ती हिरवीगार होती. ती आधी हसली, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली. "दिसत नाही का तुम्हाला?" तिने हळूच विचारलं. त्या दिवसापासून त्यांचे सदरे तिने निवडले, पिकलेले टोमॅटो तिने वेचले, आणि चारचौघांत कुणी रंगाचं काही विचारलं की उत्तर तिच्याकडून यायचं. मुलीलासुद्धा तिने कधी पत्ता लागू दिला नाही.

आता ती मुलीकडे होती, समुद्रापलीकडे. नात झाली म्हणून चार महिन्यांसाठी गेली होती, त्याला दोन वर्षं होऊन गेली. दर रविवारी सकाळी फोन यायचा. बाकीचे दिवस एकरंगी दोन खोल्यांत एकटे असायचे. खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीशी गिटार. गिटार ते विशीत शिकले होते, निव्वळ कानाने. निवृत्तीनंतर हॉटेलात शुक्रवार ते रविवार दुपारी चार ते सात वाजवायचं काम मिळालं, तेव्हा बोलायला नाही तरी बसायला माणसं मिळाली, एवढंच त्यांना पुरेसं वाटलं. आधी ते आतल्या हॉलमध्ये वाजवत. मग गिऱ्हाइकांना मोकळी हवा हवीशी झाली आणि एकरंगींची खुर्ची बागेत गेली. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला मुलांचे झोपाळे, डोक्यावर ऊन. तापलं की तारा उतरायच्या, गारवा आला की चढायच्या, आणि त्या गोंगाटात आपली तार आपल्यालाच ऐकू येईना.

सोमवारी ते तारा जुळवायचा तो ट्यूनर घ्यायला वाद्यांच्या दुकानात गेले. दुकान एक पस्तिशीची बाई चालवायची. पुढे गिटारी टांगलेल्या, मागे टेबलावर उघडा पडलेला अॅम्प्लिफायर, आणि ती हातात वायरींना डाख द्यायची सोल्डरिंग गन घेऊन त्यात डोकं घालून बसलेली.

"कुठे वाजवता?" ट्यूनर हवाय हे ऐकून तिने विचारलं.

"बागेत. दुपारी."

"मग इथे दाखवून उपयोग नाही," असं म्हणून तिने गन स्टँडवर ठेवली, तीन पेडल्स, म्हणजे पायाने दाबायचे ट्यूनर, उचलली, एक गिटार एकरंगींच्या गळ्यात अडकवली आणि त्यांना सरळ फुटपाथवर नेलं. "दुकानात सगळीच झकास दिसतात. उन्हात नेलं की कळतं कुणात किती दम आहे."

पहिल्या पेडलवर बारीक दिव्यांची रांग होती. उन्हात ती पेटली आहे की नाही हेच समजेना. दुसऱ्याचा पडदा काचेसारखा चमकायचा, त्यात एकरंगींना आपलंच नाक दिसलं. तिसरं मुठीएवढं होतं आणि त्यावर एकच ठसठशीत अक्षर उमटायचं, तारेचं नाव.

"हे घ्या डोळे झाकून," ती म्हणाली. "अक्षर लाल असेल तर सूर लागलेला नाही, हिरवं झालं की लागला. पायाने दाबलात की स्पीकर बंद, कुणाला ऐकू जात नाही. बॅटरीवर चालतं, वायर शोधत फिरायला नको. हं, वाजवा. झालं बघा हिरवं! दिसलं ना?"

एकरंगींना अक्षर अगदी स्वच्छ दिसत होतं. ते आधी जसं होतं तसंच होतं.

"दिसलं की," ते म्हणाले. सवयीने त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं होतं.

घरी पडदे ओढून त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं. अर्धवट उजेडात एक रंग किंचित मंद वाटत होता आणि दुसरा किंचित ठळक. आधी कानाने सूर लावायचा, मग अक्षर किती ठळक आहे ते मनात धरायचं, असं चार दिवस चाललं. गुरुवारपर्यंत त्यांची खात्री पटली की जमेल.

शुक्रवारी बागेत सगळं मुसळ केरात गेलं. उन्हात मंद काय आणि ठळक काय, सगळं एकच. पहिलं गाणं ठीक गेलं. मग पेडल दाबून आवाज बंद केला, खुंट्या पिळल्या, अंदाजाने थांबले, आणि दुसऱ्या गाण्याच्या पहिल्याच झटक्याला अशी काही भेसूर किंकाळी निघाली की जवळच्या टेबलावरच्या बाईने चमचा खाली ठेवला. लोक हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसते दुसरीकडे बघू लागले.

मॅनेजर वाकून कानाशी आला. "काका, आज काय झालंय?"

"बॅटरी," एकरंगी म्हणाले. "बॅटरी उतरली वाटतं."

उरलेला वेळ त्यांनी दोनच तारांवर काढला.

रविवारी फोन आला. सांगावं असं मनात होतं. ती ऐकून म्हणाली असती, अहो, मला फोटो पाठवा, मी सांगते कुठला रंग आहे ते. पण पलीकडे नातीने भोकाड पसरलं होतं.

"जेवण होतंय ना वेळेवर?" तिने विचारलं.

"होतंय."

"आणि गिटार?"

"चाललंय. अगं, ते—"

"थांबा हं, हिने दूध सांडलं. ठेवते मी. पुढच्या रविवारी बोलू."

फोन ठेवल्यावरही त्यांनी तो बराच वेळ हातात धरला होता.

सोमवारी ते पेडल घेऊन दुकानात गेले. "हे बिघडलेलं आहे," त्यांनी आत पाऊल ठेवतानाच सांगितलं.

तिने लगेच गिटार जोडून बघितली. चारदा बघितली. "काका, यात काही बिघाड नाही. तुम्हाला काय होतं नेमकं?"

"रंग बदलत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पेडल त्यांच्यासमोर धरलं, एक तार छेडली, आणि या वेळी आपला चेहरा अगदी कोरा ठेवला. "आत्ता कुठला आहे?"

एकरंगींनी अक्षराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हिरवा," ते म्हणाले.

"लाल आहे."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग एकरंगी काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "मला लाल-हिरवं कळत नाही. लहानपणापासून." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य आपण आयुष्यात प्रथमच म्हटलंय. बायकोलासुद्धा ते त्यांनी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच कळलं होतं.

त्यांना वाटलं, आता ती हळहळणार. ती वैतागली. "अहो, मग तेव्हाच सांगायचं ना! मी आपली वेड्यासारखी फुटपाथवर 'हिरवं झालं, हिरवं झालं' म्हणून नाचतेय!" आणि मागच्या कपाटात घुसून तिने एक जाडजूड, कोपरे झिजलेलं पेडल शोधून काढलं. "हे एका बँडवाल्याने नवं घेताना देऊन टाकलेलं. जड आहे म्हणून कुणी घेत नाही. रंग विसरून जा. पडद्यावरच्या या उजेडाच्या पट्ट्या बघा. डावीकडे पळाल्या तर तार उतरलेली, उजवीकडे पळाल्या तर चढलेली. जागच्या जागी थांबल्या की जुळली. चला बाहेर."

फुटपाथवर ऊन पडद्यावर आलं की पट्ट्या पुसट व्हायच्या, हाताची सावली धरली की स्पष्ट. एकरंगींनी खुंटी हळूहळू पिळली. डावीकडे धावणाऱ्या पट्ट्या रेंगाळल्या, अडखळल्या, थांबल्या. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

"थांबल्या," ते स्वतःहून म्हणाले.

"बरोबर. आता याच्यावर सावलीला काहीतरी करा."

ते काम एकरंगींना कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी त्यांनी जाड पुठ्ठा कापला, घडीवर सुरी हलकेच ओढून कोन पाडला, आतून बाइंडिंगचं काळं कापड चिकटवलं आणि पेडलवर बसेल असं छोटं छप्पर तयार केलं. संध्याकाळभर ते त्यात रमले होते.

त्या शुक्रवारी त्यांनी दर दोन गाण्यांच्या मध्ये पेडल दाबलं, छपराखाली डोकावून पट्ट्या थांबवल्या आणि पुढचं गाणं सुरू केलं. एकदाही किंकाळी नाही, टिणटिण नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. येणार तरी कसं? जे ऐकू येत नाही त्याचं कौतुक कोण करतं? मॅनेजर दोनदा बाजूने गेला, दुसऱ्यांदा म्हणाला, "काका, पुढच्या आठवड्यात खुर्ची जरा डावीकडे घ्या, वाटेत येते." सात वाजता एकरंगींनी वायर गुंडाळली. कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. समोरच्या टेबलावर दोघं बिलावरून वाद घालत होते.

रविवारी नात झोपलेली होती. एकरंगींनी बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. फुटपाथ, किंकाळी, पुठ्ठ्याचं छप्पर. ती मध्येमध्ये हसत होती. मग त्यांनी दुकानातलं बोलणं सांगितलं, आणि पलीकडचं हसणं थांबलं.

"तुम्ही सांगितलंत? स्वतःच्या तोंडाने?"

"हो."

"त्या दुकानातल्या बाईला?"

"अगं, काय करणार? इलाजच नव्हता."

"बरं केलंत," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "एवढं एक फक्त माझ्याकडे होतं."

इतकी वर्षं ते गुपित ओझं समजून दोघांनी मिळून वाहिलं, आणि तिने ते ठेवणीतल्या वस्तूसारखं जपलेलं निघालं. "तू कधी येतेस?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत प्रथमच विचारलं.

"हिची शाळा सुरू होऊ दे. मुलगी म्हणते अजून एक वर्ष तरी..."

"बरं, बरं. सावकाश ये."

एकरंगी अजूनही शुक्रवार ते रविवार बागेत वाजवतात. सोमवारी कधीकधी वाद्यांच्या दुकानात डोकावतात, तारांचा संच हवाय असं निमित्त काढून.

"काय काका, पट्ट्या थांबतात ना?" ती टेबलावरून मान वर न करता विचारते.

"थांबतात."

"छान." आणि तिची सोल्डरिंग गन पुन्हा चुरचुरते. ते थोडा वेळ टांगलेल्या गिटारींकडे बघत उभे राहतात, एखादीची तार अंगठ्याने छेडतात, ती तिथल्या तिथे कानाने जुळवून देतात, आणि निघतात.