पर्लच्या काठावरून मारलेली हाक

आधीच सांगून टाकते, मी दोह्यातल्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवते आणि "मला आतून जाणवलं" असं कुणी म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. नाशिकला आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर आधी मांजराला जाऊ द्यायचं आणि मग आपण पुढे जायचं, बस. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण दोन महिने झाले, डोक्यातून जात नाही.

माझी मुलगी मनवा, घरातली मनू, इटलीत बोलोन्याला शिकते. पहिलंच वर्ष. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी लेक्चर्स नव्हती म्हणून बाईसाहेब एकट्याच व्हेनिस बघायला निघाल्या. सगळा मामला काटकसरीचा. दर स्टेशनवर थांबणारी स्वस्तातली ट्रेन, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, बोटीचं तिकीट काढायचं नाही, दिवसभर पायी फिरायचं आणि संध्याकाळी परत. "गोंडोला लांबूनच बघणार, फ्री ऑफ कॉस्ट," म्हणाली. मला एकच धास्ती. एवढी वर्षं समुद्राच्या गावात वाढली, पण मनूला पोहता येत नाही.

पोचल्यावर तिचा मेसेज आला, "रीच्ड. फुल धुकं. बॅटरी लो." त्यानंतर फोन बंद.

हे तेव्हा ऑफशोअरला, समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर होते. घरात मी एकटी. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, हे मीच वर्गात शिकवते, तेच स्वतःला समजावत होते. पण जिवाची नुसती तगमग चालली होती. चहा ठेवला आणि विसरले, पातेलं करपलं. कपाट आवरायला काढलं आणि तसंच अर्धवट सोडलं.

खालच्या मजल्यावरच्या शबानाभाभी करपल्याचा वास आला म्हणून वर आल्या. त्या श्रीवर्धनच्या. मनू इटलीला गेल्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या, त्यामुळे मनूने त्यांना कधी पाहिलेलं नाही. फोनवरही दोघी कधी बोललेल्या नाहीत. हे लक्षात ठेवा.

"घरात बसून येडी होशील गो तू," भाभी म्हणाल्या. "चल, पर्लला एक चक्कर मारून येऊ. यल्ला."

पर्ल म्हणजे दोह्यातलं, समुद्रात भराव घालून केलेलं बेट. तिथे कालवे, छोटे पूल आणि रंगीत इमारती असलेला एक भाग आहे, आम्ही सगळे त्याला व्हेनिसच म्हणतो. भाभींच्या ते डोक्यातही नसेल, तिथे पार्किंग मिळालं म्हणून आम्ही तिथे उतरलो. दुपारची, असरची नमाज होऊन थोडाच वेळ झाला होता. मस्त ऊन, मुलं सायकलवर, कॅफे भरलेले.

आमच्या पुढे पाण्याच्या काठाने एक मुलगी चालली होती. पिवळं जॅकेट, पाठीवर सॅक, मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत. ती मनू नाही, हे मला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. तरी माझ्या तोंडून हाक गेली — "मनूऽऽ, थांब!" इतकी मोठ्याने, की कॅफेतली माणसं वळून बघायला लागली.

भाभींनी माझा दंड धरला. "पाठसून हाक मारू नये गो, जाणाऱ्या माणसाला."

ती मुलगी वळली. कुणीतरी अरब मुलगी होती. मी सॉरी म्हटलं, तिने खांदे उडवले आणि गेली. आणि मी... भर गर्दीत रडायला लागले. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. भाभींनी पाण्याची बाटली हातात दिली.

संध्याकाळची मगरीबची नमाज होऊन बराच वेळ झाल्यावर मनूचा फोन आला. परतीच्या ट्रेनमध्ये कुणाचा तरी चार्जर मागून फोन चालू केला होता. हॅलो नाही, काही नाही.

"आई, तू मला हाक मारलीस?"

"कधी?" मी विचारलं.

मग तिने सांगितलं. धुक्यात रस्ता चुकली होती. बॅटरी वाचवायला फोन फ्लाइट मोडवर ठेवला होता, त्यातल्या मॅपवर डोळे लावून एका बोळात शिरली. तो बोळ सरळ कालव्यात संपत होता. कठडा नाही, काही नाही, नुसत्या शेवाळलेल्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. "मी स्क्रीनच बघत होते. एक पाय खाली टाकला होता, इट वॉज सो स्लिपरी. आणि मागून तुझा आवाज आला. मी वळले, कुणीच नव्हतं. मग पुढे बघितलं तर... जस्ट वॉटर, आई."

वेळ जुळवून पाहिली. दोन तासांचा फरक धरला तर तेव्हाच आम्ही पर्लला होतो.

तरी माझ्यातली केमिस्ट्रीची बाई गप्प बसेना. म्हटलं, अगं, तिथे कुणीतरी कुणाला हाक मारली असेल. घाबरल्यावर आपल्याला आपलंच नाव ऐकू येतं. हे मी तिला सांगत होते की स्वतःला, देव जाणे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओके. पण मग तुझ्याबरोबर ती आंटी कोण होती?"

"कोण आंटी?"

"तू ओरडलीस ना, तर ती तुला रागावली. पाठसून हाक मारू नये गो. आई, पाठसून म्हणजे काय?"

आम्ही 'मागून' म्हणतो, आमच्या घरात हा शब्द कुणीच वापरत नाही. तिने तो 'गो'सुद्धा भाभींच्याच हेलात म्हटला.

हे परत आल्यावर "योगायोग" म्हणाले. पण मग माझ्याकडून सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. भाभींना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. म्हणाल्या, "अल्लाला ठावं."

खरं सांगायचं तर स्पष्टीकरण शोधणंच मी सोडलंय. मला दुसराच विचार छळतो. मी त्या दिवशी शहाण्यासारखी घरात बसून राहिले असते तर? ती मुलगी मनू नाही, हे माहीत असल्यामुळे गप्प राहिले असते तर?

परवा मनू म्हणाली, आता एक दिवस जवळच्या फेरारा गावाला जाणार आहे. जा म्हटलं, फोन चार्ज करून ने. ज्या सकाळी ती निघाली, त्या सकाळी मी इथे बाल्कनीत उभी राहून तिला हाक मारली. दर थोड्या वेळाने मारत राहिले, ती खोलीवर पोचल्याचा मेसेज येईपर्यंत. समोरच्यांना वाटलं, माझं मांजर हरवलंय.