अर्धा फुगा

साजगावच्या जत्रेतल्या म्हाताऱ्या फुगेवाल्याला मी एकदा ‘बलून’ शब्दाचं मूळ समजावत बसलो. शब्द मुळात इटलीचा, अर्थ मोठा चेंडू. अर्धा फुंकलेला फुगा चिमटीत धरून तो गप्प उभा होता. मला वाटलं, गडी रंगलाय!

मग म्हणाला, “आमी फुगाच म्हणतो, गुरुजी,” आणि उरलेला फुगा फुंकला.

“पंप घ्या की!”

“पंपानं लय गच्च व्हतो. घरी जायच्या आत फुटतो, पोरगं रडतं.”

पुढच्या जत्रेत त्याच्या जागी पंपवाला होता. म्हातारा दम्यानं गेला, म्हणाला. त्या दिवशी म्हातारा माझं ऐकत नव्हता, श्वास गोळा करत होता, हे मला तेव्हा कळलं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “असू दे. तुम्ही बोलत होतात, तेवढा वेळ तरी त्याला फुंकावं लागलं नाही.”