दर रविवारी गिरणी बंद

आमच्या गावात लाईट पूर्ण असली की मला अभ्यास करता यायचा नाही, आणि पूर्ण गेली की अजिबातच करता यायचा नाही. हे सांगितलं की पुण्यातल्या मैत्रिणी हसतात. मग त्यांना समजावून सांगावं लागतं की आमच्या घराचा पुढचा खण म्हणजे पिठाची गिरणी. गिरणी आणि माझी खोली यांच्यामध्ये विटांची एकच भिंत, तीही माझ्या जन्माआधी कुणीतरी घाईत बांधलेली. लाईट असली की गिरणी सुरू, आणि गिरणी सुरू असली की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरतं. लाईट गेली की गिरणी बंद, पण मग वायफायही बंद, आणि ऑनलाइन कोर्समधले आमचे सर तोंड उघडं ठेवून पडद्यावर तसेच अडकलेले.

या दोन्हींच्या मधली एक अवस्था होती. तीन तारांपैकी एकीतली वीज जाते, तिला गावात ‘फेज गेली’ म्हणतात. फेज गेली की गिरणीची मोटार फिरत नाही, पण घरातला बल्ब, पंखा आणि वायफाय मजेत चालतात. तेव्हा माझं भाग्य उजळायचं. वडील हातात पाना घेऊन मीटरकडे बघत उभे, डबे घेऊन आलेल्या बायका वायरमनच्या नावानं बोटं मोडतायत, आणि मी आत बसून देवाला हात जोडतेय की त्या वायरमनला संध्याकाळपर्यंत सवड मिळू देऊ नकोस. देवानंही कधी मला नाराज केलं नाही. आमचा वायरमन त्याच्याच बाजूचा होता.

हे सगळं कशासाठी, तर मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेसाठी. आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडे, मान वर केली की तोरणा. मी भोरला बीकॉम केलं आणि वरवे बुद्रुकजवळच्या एका छोट्या कारखान्यात कुठला माल कुठं गेला याच्या नोंदी कॉम्प्युटरवर भरायला लागले. तिथं माझ्याच वयाचा एक साहेब आला. माल कुठं जातो हे त्याला मला विचारावं लागायचं, आणि मला सुट्टी हवी असली की मला त्याला विचारावं लागायचं. त्याच्याकडे एमबीए होतं, माझ्याकडे एसटीचा पास. वर्षभर हे सहन केलं, मग नोकरी सोडली आणि कोर्स घेतला.

वडिलांना, म्हणजे आण्णांना, यातलं काहीच पटलं नव्हतं. त्यांचं माझ्यासाठी वेगळंच ठरलेलं होतं. गिरणीशेजारच्या मोकळ्या जागेत मिरची कांडप यंत्र बसवायचं आणि ते मी चालवायचं. त्यासाठी त्यांनी सिमेंटचा ओटासुद्धा बांधून घेतला होता. आमच्या भागात मिरची कांडून आणायला बायकांना लांब जावं लागतं, त्यामुळे धंदा नक्की चालला असता, हे मलाही कळत होतं. मी फक्त त्या ओट्याकडे बघायचं टाळून घरात शिरायचे.

“एकदा बस परीक्षेला,” आण्णा म्हणाले. “न्हाई जमलं तर कांडप. मंग पुन्यांदा परीक्षेचं नाव काढायचं न्हाई.”

मी हो म्हटलं. आई म्हणाली, “दोगं बी माझीच, मला मधी घालू नका.” आणि ती खरंच शेवटपर्यंत मध्ये पडली नाही.

कोर्सचे सर हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायचे आणि दर दोन वाक्यांनी ‘क्लिअर है?’ विचारायचे. भिंतीपलीकडून गिरणीचा पट्टा फटफटत असल्यामुळे मला काहीही क्लिअर नसायचं. रोजचे व्हिडिओ निदान मागे नेऊन पुन्हा ऐकता यायचे. अडचण होती ती रविवारच्या सराव परीक्षेची. ती ठरलेल्या वेळेलाच द्यायची, कॅमेरा चालू ठेवून, खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. आणि रविवार म्हणजे गिरणीवर सगळ्यात जास्त गर्दी. नोकरीवाले घरी, पोरं घरी, सगळ्या घरांतले डबे आमच्या दारात.

हे मी भीत भीतच सांगितलं. आण्णा दारातल्या डब्यांकडे बघून म्हणाले, “बंद ठिवू.”

मला खरंच वाटेना. पण रविवारी सकाळी त्यांनी खरंच बटण खाली ओढलं. पट्टा थांबला, कॅलेंडर थांबलं, मी परीक्षा सुरू केली. पहिला उतारा वाचून होतोय तोवर भिंतीतून टक्, टक्, टक्. बाहेर येऊन बघते तर आण्णा गिरणीचे दगड उघडून, छिन्नी-हातोडा घेऊन त्यांना टाकी लावत बसलेले.

“आण्णा, आवाज येतोय.”

“आगं गिरनी बंदच हाय की.”

ते थट्टा करत नव्हते. इतकी वर्षं गिरणीत उभं राहिलेल्या माणसाला हातोडी हा आवाजच वाटत नव्हता. गिरणी बंद आहे तर वेळ कशाला वाया घालवा, एवढाच त्यांचा हिशेब. त्या दिवशी मला इतके कमी मार्क पडले की ॲपनं मला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला सांगितलं.

दुसऱ्या रविवारी हातोडी थांबली, पण बायका आल्या. गिरणी बंद असली तरी नंबर जायला नको म्हणून त्या डबे घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. सगळ्यांत पुढं शेजारच्या काकू. काकूंचा डबा गिरणीत पहिला असतो, हे गावात ठरलेलं आहे. कुणी ठरवलं ते विचारायची कुणाची टाप नाही. माझा पेपर चालू आहे म्हणून त्या सगळ्या कुजबुजत होत्या, आणि आमच्या बायकांची कुजबूज म्हणजे निम्म्या आळीला ऐकू जाते.

“एका पोरीच्या पेपरापायी सगळ्या गावानं पिठाबिगर ऱ्हायाचं व्हय?” काकू म्हणत होत्या.

मी बाहेर आले तेव्हा मात्र पहिला प्रश्न त्यांचाच. “पास का नापास?”

“सराव होता काकू. खरी परीक्षा उन्हाळ्यात.”

“आन् तवर दर ऐतवारी ह्योच तमाशा?”

“व्हय.”

काकूंनी कपाळाला हात लावला. दोन-तीन आठवड्यांत गावभर झालं की गिरणीवाल्याची पोरगी दर रविवारी पेपर देते आणि काही केल्या पास होत नाही. दुकानात साखर आणायला गेलं तरी दुकानदार सांत्वनाच्या सुरात बोलायचा.

काकूंना मग कुतूहल वाटायला लागलं. एकदा त्यांनी विचारलं, असं असतं तरी काय त्या पेपरात. मी त्यांना एक कोडं वाचून दाखवलं. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, अ हा ब च्या शेजारी बसत नाही, क हा ड च्या समोर आहे, तर फ कुठं बसला?

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. “अ आन् ब शेजारी का बसत न्हाईत?”

“ते दिलेलं नाही.”

“बांधावरनं भांडान आसंल. आन् आठ जन गोल बसून करत्यात काय? जेवान तरी हाय का?”

“नाही काकू, नुसते बसलेत.”

“मंग फ कुठं बी बसू दे,” काकू म्हणाल्या. “त्यो उठून जानारच हाय.”

पण त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूच्या झाल्या. पुढच्या रविवारी काठी घेऊनच आल्या. कोंबड्या हाकलल्या, कुत्री हाकलली, कुजबुजणाऱ्या बायकांनाही काठी दाखवली. कांदे-बटाट्याचा टेम्पो भोंगा वाजवत आला, तर या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्याला पार फाट्यापर्यंत मुका करून पाठवलं. एवढी शांतता आमच्या आळीत कुणाच्या दहाव्यालाही नसते. फक्त एकदा, माझं संपत आलंय का हे बघायला त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. कॅमेऱ्याला दुसरा चेहरा दिसला आणि माझा पेपर तिथल्या तिथं रद्द झाला.

“म्या तर तुला काय बी सांगितलं न्हाई,” काकू म्हणाल्या. बिचाऱ्या दिवसभर खट्टू होत्या.

आण्णांचं मला नवल वाटायचं. रविवारी ते गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, आणि कुणी लांबून नवीन माणूस डबा घेऊन आला की हातानंच ‘आज नाही’ म्हणून सांगायचे. कोर्सच्या कंपनीला मी त्यांचा नंबर दिला होता. तिथली एक मुलगी अधूनमधून फोन करून त्यांना मोठा कोर्स विकायला बघायची. गिरणीच्या आवाजात त्यांना काही ऐकू यायचं नाही. ते आपले मोठ्यानं सांगायचे, “ऐतवारी दळान न्हाई मिळायचं, सोमवारी या.” दोन-तीन वेळा असं झाल्यावर तिनं नाद सोडला.

होळीच्या सुमारास काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रविवारचे बरेच डबे आता खालच्या गावच्या गिरणीवर जातात. आण्णा घरात याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, “आण्णा, गिरणी चालू ठेवा. मी कानात कापूस घालते. तसंही आता शेवटचेच राहिलेत.”

“न्हाई,” ते म्हणाले.

“गिऱ्हाईक जातंय म्हणं.”

“जाऊ दे. तू पेपर दे.”

आणि विषय संपला. मिरचीचा हंगाम तोंडावर आला होता, रोज कुणीतरी कांडप कधी बसवताय म्हणून विचारून जात होतं, आणि हा माणूस पिठाचंही गिऱ्हाईक सोडून माझ्या अभ्यासासाठी दारात बसला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणींना मी फोन करकरून सांगितलं की बाप असावा तर असा. पुण्यातली एक म्हणाली, तुझं नशीब आहे बाई.

परीक्षेला आण्णा पुण्यापर्यंत सोबत आले. केंद्राच्या बाहेर एका झाडाखाली उभे राहिले आणि मी बाहेर आले तेव्हाही तिथंच उभे होते. परत येताना एसटीत त्यांनी शेंगा घेतल्या, सोलून मला दिल्या, पण पेपर कसा गेला हे विचारलं नाही. हायवेचा फाटा गेला, नसरापूर आलं, वेल्ह्याकडची वळणं सुरू झाली, तरी नाही. माझ्यावर ताण येऊ नये म्हणून गप्प आहेत, असं मी धरून चालले.

निकाल दुपारी लागला. लाईट पूर्ण होती, गिरणी जोरात चालू होती. मी दोनदा, तीनदा मोबाईलवर आकडा बघितला. पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात जागा मिळणार होती. मी तशीच गिरणीत पळाले. आण्णा काकूंची नाचणी दळत होते, काकू डब्यापाशी उभ्या होत्या. मी आण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “आण्णा, झालं माझं. मिळणार कॉलेज.”

त्यांनी मान हलवली, पण दळण थांबवलं नाही. काकूंची नाचणी संपेपर्यंत पिठाखाली हात धरून ते पीठ कितपत बारीक येतंय ते बघत राहिले. डबा भरल्यावर त्यांनी बटण खाली ओढलं. पट्टा हळूहळू थांबला.

“पास?” काकूंनी विचारलं.

“पास.”

“आता खरा का?”

“खराच काकू.”

“राखान कुनाची व्हती,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून पीठ लावलं.

आण्णा पाटावर बसले. टॉवेलनं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक सांगू का. म्या दर ऐतवारी दारात बसून म्हनायचो, हिला मार्क कमी पडू देत.”

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण ते हसत नव्हते.

“तू पडलीस तर हितंच ऱ्हाशील, आसं वाटायचं. लई वाटायचं.”

काकूंनी उचललेला डबा पुन्हा खाली ठेवला. मी म्हटलं, “मग गिरणी कशाला बंद ठेवलीत? चालू ठेवली असती तर पडलेच असते की मी.”

“तसं कसं,” आण्णा म्हणाले. “माझ्या आवाजापायी पडली आसतीस, तर जल्मभर तुझ्या तोंडाकडं कसं बघितलं आसतं म्या? पडायचं तर तुझी तू पड. माझ्यामुळं न्हाई.”

मला रागवावंसं वाटायला हवं होतं. मैत्रिणींना केलेले फोन आठवून आधी थोडं हसूच आलं, आणि मग मी भिंतीला टेकून उभी राहिले. सगळे रविवार हा माणूस मनातून माझ्या विरुद्ध होता, आणि सगळे रविवार त्यानं माझ्यासाठी दार राखलं. नुसता माझ्या बाजूचा असता तर ते सोपं होतं. एवढं प्रेम कुणी करू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

“जातीस न्हवं?” त्यांनी विचारलं.

“जाते.”

“जा,” आण्णा म्हणाले. उठले, पुढचा डबा उचलून वरच्या तोंडात ओतला आणि बटण दाबलं. पट्टा फिरायला लागल्यावर ते आणखी काहीतरी बोलले. ते मला ऐकू आलं नाही, आणि या वेळी मी गिरणी बंद करायला सांगितलं नाही.