रंगूनहून आणलेल्या सुया

मनगटावर तीन बोटं ठेवली की त्या आधी आपल्याला गप्प करायच्या. "चूप राय. नाडी बोलून राह्यली." मग मान तिरकी करून अशा ऐकायच्या, की आपणही श्वास रोखून धरावा.

पुलगावात आमच्या गल्लीत सगळे त्यांना रंगूनवाल्या बाई म्हणत. नवरा रंगूनला तांदळाच्या गिरणीत होता. लढाईत बॉम्ब पडले, त्यात तो गेला, आणि बाई लोकांच्या तांड्याबरोबर जंगलातून चालत परत आल्या. सोबत आणली फक्त एक पत्र्याची डबी. तिच्यात केसासारख्या बारीक सुया. तिकडच्या शेजारच्या एका चिनी म्हातारीनं त्यांना त्या टोचायला शिकवलं होतं. लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती, तरी आमच्याकडे असला इलाज कुणी ऐकलाही नव्हता. गल्ली हसायची, आणि पाठ धरली की मुकाट त्यांच्या दारात जायची. तुम्हीही गेला असतात.

माझे वडील निवृत्त हेडमास्तर. ब्लडप्रेशर एवढं, की रागावले की कान लालभडक. डॉक्टरांनी मीठ तोडलं, गोळ्या दिल्या, तरी डोकं ठणकायचं. शेवटी आईनं बाईंना बोलावलं.

"मास्तर, पाय सोडा. डोळे वटारून रक्त खाली नाई उतरत."

वडिलांशी असं बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी उकळत्या पाण्यातून सुया काढल्या आणि पावलावर, गुडघ्याखाली, कोपराच्या वळीत टोचल्या. थोड्या वेळानं वडील खुर्चीतच घोरायला लागले. मग बाई दर बाजाराच्या दिवशी येऊ लागल्या. ठणका कमी झाला. बाई मात्र बजावायच्या, "उतरलं म्हणजे गेलं नाई, मास्तर. गोळी सोडू नका अन् लोणच्याले हात लावू नका."

सुई टोचण्याआधी त्या एकदा दाराकडे बघत. मी एकदा विचारलं, "कोणी आलं का?"

"म्हातारी," त्या हळूच म्हणाल्या. "तिले चालता येत नव्हतं. आमी निघालो तं तिनं डबी माह्या हातात कोंबली अन् मले ढकललं. मी मागं वळून नाई पाह्यलं. आता येते. कधी टोच म्हणते, कधी नको म्हणते."

मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "भूतबित काही नसते. बाईच्या हाताले गुण आहे, तेवढं पाहा."

उन्हाळ्यातल्या एका दुपारी सुया काढून झाल्या. वडिलांनी पाण्याच्या पेल्याकडे हात नेला आणि तो तिथंच राहिला. तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, सुयांचा यात दोष नाही, दाब फार चढलेला होता. वडील चोरून लोणचं खात, हे आईलाही ठाऊक होतं. पण ती अंगणात उभी राहून ओरडली, "सुया टोचून टोचून माह्या माणसाचा घात केला या बाईनं!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाईंनी सुया डबीत भरल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "म्हातारी आज नको म्हणत होती. मी नाई ऐकलं."

त्यानंतर त्यांच्या दारात कुणी गेलं नाही. पावसाळ्यात वडील वारले. तेरवी झाल्यावर आई मला घेऊन बाईंच्या खोलीवर गेली. बाई भावाकडे, आर्वीला जायला सामान बांधत होत्या.

"बाई, लोणचं त्याईनं खाल्लं अन् बोल मी तुमाले लावला," आई म्हणाली.

"तुमचं काई चुकलं नाई, वहिनी. घात माह्या हातानंच झाला, मले बी तसंच वाटते."

आईनं त्यांचं बोचकं उचललं आणि ती त्यांच्याबरोबर स्टेशनवर आली.

आर्वीच्या छोट्या गाडीत त्या दिवशी गर्दी होती. बाई खिडकीशी बसल्या, बोचकं मांडीवर घेतलं, आणि शेजारची जागा मोकळी ठेवली. एक फेटेवाला तिथं बसायला वाकला.

"इथं बसली आहे," बाई म्हणाल्या.

"कोण बसली आहे? रिकामी जागा काऊन अडवून राह्यल्या?"

डब्यातले लोक हसायला लागले. माझी आई, जिचा कशावर म्हणून विश्वास नव्हता, खिडकीच्या गजांना धरून पुढे झाली.

"दादा," ती म्हणाली, "म्हातारी बसली आहे तिथं. तिले चालता येत नाई. तुमी तिकडं बसा."