सरांच्या गाडीत अडकलेली हवा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

डोणगावात माझं गॅरेज आहे. समोरच संजूचं. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे शिकलो. पण गाडी आली की उस्ताद विचारायचे ते संजूलाच — 'संजू, काय म्हणते गाडी?' मी तिथंच पाना धरून उभा. मला एकदाही विचारलं नाही. पुढे त्याच्या दारात गाड्यांची रांग दिसली की माझ्या पोटात दुखायचं. जळायचो मी — खोटं कशाला बोलू?

एकदा संजू लग्नासाठी देऊळघाटला गेला होता. आदल्याच दिवशी त्यानं एका रिटायर्ड सरांच्या गाडीचा पाइप बदलून कूलंट — इंजिन थंड ठेवणारं पाणी — भरलं होतं. सर माझ्याकडे आले. गाडी तापत होती. मी हीटर लावला. तापमानाचा काटा वर चढलेला, आणि हीटरमधून येणारी हवा मात्र गार! लगेच कळलं — कूलंट भरताना आत हवा अडकली होती, म्हणून गरम कूलंट हीटरपर्यंत पोचतच नव्हतं. अशी चूक कोणाकडून होत नाही? माझ्याकडून तर कितीदा झाली आहे.

गाडी थंड होऊ दिली. उतारावर तोंड वर करून लावली, रेडिएटरचं झाकण काढलं, इंजिन सुरू ठेवून पाइप दाबत राहिलो. बुडबुडे निघाले. कूलंट खाली गेलं, तेवढं पुन्हा भरलं. बस, एवढंच काम.

आणि सरांना काय सांगितलं? 'सर, इंजिनचं हेडच जाऊन राह्यलं होतं. संजूनं उकळवलं ते. मी होतो म्हून वाचलं.'

सरांचा शब्द गावात चालतो. हळूहळू समोरची रांग माझ्या दारात आली.

एक दिवस संजू आला. भांडायला नाही — विचारायला. 'माह्यं काय चुकलं होतं बे? खरं सांग.' तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हणालो, 'तुह्या हातात आता ते राह्यलं नाही, संजू.' त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला त्यानं माझ्यावर.

आता तो फक्त पंक्चर काढतो. काल त्याच्याकडे एक तापलेली गाडी आली. त्यानं बॉनेटही उघडलं नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, 'त्याच्याकडं न्या. मले नाही समजत त्यातलं.'

मी हीटर लावला. गार हवा आली. संजू समोरून बघत होता.