अब्दलीच्या वाटेवरचे माझे फलक

गावात कुणी विचारलं, "घोव काय करता गो तुझो?" की माझी बायको सांगायची, "कुवेताक कंपनीत आसा." बस्स, एवढंच. याच्यापुढचं तिलाही ठाऊक नव्हतं, आणि त्याचा मला भारी राग यायचा. मी लोखंडकामातला माणूस. जहरा शहर मागे टाकून इराकच्या सरहद्दीकडे, अब्दलीच्या रस्त्याला लागलं की जुन्या जागांची माहिती देणारे फलक दिसतात, त्यातले बरेचसे माझ्या टोळीने उभे केलेत. खड्डा आमचा, खांब आमचे, वेल्डिंग माझं. फोनवर मी हे रंगवून रंगवून सांगायचो. ती म्हणायची, "म्हणजे बोर्ड लावतात तुमी," आणि लगेच गॅस सिलिंडर महाग झाल्याचं सुरू व्हायचं.

त्यामुळे ती पहिल्यांदा इकडे यायची ठरली तेव्हा मी मनात पक्कं केलं. मॉल आणि टॉवर गेले चुलीत. इतकी वर्षं मी इथे नुसता दिवस ढकलत नव्हतो, काहीतरी उभं करत होतो, हे तिने डोळ्यांनी बघायलाच हवं.

जलीबच्या आमच्या खोलीत सगळे बॅचलर, तिथे तिला ठेवणार कुठे? मिरकाबमध्ये राहणाऱ्या चुलतभावाने खोली दिली आणि शुक्रवारसाठी गाडीही दिली. मी आदल्या दिवशीच ती धुऊनपुसून ठेवली. सकाळी ही बाई सवयीने डावीकडचं दार उघडून थेट स्टिअरिंगसमोर जाऊन बसली; इकडे स्टिअरिंग डावीकडेच. म्हटलं, "तूच चलव. मी बसतंय बाजूक." जी हसायला लागली ती जहरा येईपर्यंत हसतच होती. मला तर तेवढ्यानेच दिवस सोन्याचा वाटायला लागला.

हवा छान गार होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळवंटात लोकांचे हिवाळी तंबू लागलेले. पहिला फलक लांबूनच दिसला आणि मी भर रस्त्यात ओरडलो, "तो बघ! तो माझो!" गाडी कडेला घेतली. खाली उतरून खांबाला खांदा लावला, जोर करून ढकलला. तसूभर हलला नाही. मी असा वळलो, की आता बाईसाहेब तोंडात बोट घालणार.

बाईसाहेब वाचत होत्या.

ती अंगणवाडी सेविका. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचते. फलकावर वर अरबी, खाली इंग्रजी. तिने इंग्रजी बोटाने धरून सावकाश वाचलं आणि एकदम म्हणाली, "अहो, हय बावडी होती! उंटांचे तांडे पाण्याक थांबायचे. बाई बाई, इतक्या उन्नात!" आणि जिथे नुसती वाळू होती तिथे ती विहीर शोधायला लागली.

मी चाट पडलो. तो फलक मी उभा केला होता, पण त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलंच नव्हतं. माझ्या लेखी तो म्हणजे उंची, बोल्टची जाडी आणि काँक्रीट. "चला, पुढचो दाखवा," ती म्हणाली आणि पदर खोचून स्वतःच पुढे गाडीत जाऊन बसली, या खेपेला बरोबर बाजूला.

पुढच्या फलकाजवळ जुनी टेहळणीची चौकी निघाली. त्याच्या पुढे दोन अरबी कबिल्यांनी मिळून मुक्काम करायची जागा. ती वाचून मालवणीत सांगायची आणि मी लहान पोरासारखा "मगे? मगे?" करायचो. एका तंबूवाल्या म्हाताऱ्याने हात करून बोलावलं, चहा पाजला. मी त्याला मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, हे सगळे फलक मी लावले. तो माझ्या बायकोकडे बघून माझी पाठ थोपटायला लागला. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

आता तिला माझा पहिला फलक बघायचा होता. मी टोळीचा मुख्य झालो तेव्हाचा, अगदी आडबाजूचा. मी तर खुशीने उडालोच. त्याचे कोपरे मी घासून असे गुळगुळीत केले होते की हात लावत राहावं. वळणावर खांब दिसले, तसेच ताठ. मी हॉर्न वाजवला! जवळ गेलो आणि तोंडचं पाणी पळालं. फलक कोरा. वाऱ्याने वाळू मारून मारून एक अक्षर शिल्लक ठेवलं नव्हतं. माझा असा संताप झाला, कुणाला शिव्या द्याव्यात कळेना, म्हणून वाऱ्यालाच दिल्या.

"हय काय होता?" तिने विचारलं.

"माका काय म्हायत!" मी तिच्यावरच खेकसलो. एवढ्या लांब आणून बायकोला कोरा पत्रा दाखवला. आता गावी जाऊन ही काय सांगणार?

तिने फलकाच्या गुळगुळीत कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बोर्डार काय होता ता रवांदे. तुमी हय काय केलात, ता सांगा."

म्हणून सांगितलं. त्या दिवशी ड्रिल सारखं दगडाला लागत होतं. टोळी सगळी आपल्याकडची. त्यातला एक वडीलधारा देवगडवाला म्हणाला, जुन्या जागेत तिथल्या राखणदार देवाला विचारल्याशिवाय खणायचं नाही, गाऱ्हाणं घाल, सगळ्यांच्या वतीने त्याला विनव. गावात गाऱ्हाण्याला मी मागे उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणणारातला. पण टोळीचा मुख्य मी, म्हणजे बोलायचं मीच. नारळ नव्हता, खजूर ठेवले. टोप्या हातात घेऊन गोल उभे राहिलो. सेफ्टीवाल्या साहेबाला लांबून वाटलं, ही माणसं काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षेची शपथ घेतायत. खूश होऊन त्याने फोटो काढला!

ती पोट धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "घाला बघू. माका आयकूचा हा."

"आता?"

"मग कधी?"

मी चप्पल काढली. कोऱ्या फलकासमोर हात जोडले. "बा देवा म्हाराजा! हयसर जो कोण राखणदार आसात तेका सांगणा करतंय. आमी तुझी लेकरां परमुलखातसून इलंव."

"व्हय म्हाराजा!" ती एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली की मी दचकलो.

"तुझ्या जाग्यात खांब उभो करतंव. काय चुकला तर पदरात घे. कोणाक इजा होव नको. सगळ्यांका सुखरूप घराक पोचव."

"व्हय म्हाराजा!"

माझं संपलं होतं. मी हात सोडायला गेलो, तर तिने तसेच जोडून ठेवलेले. मान खाली, वाळूकडे बघत ती पुढे बोलू लागली. "आणि म्हाराजा, मी लांब होतंय. हेंच्या जेवणाखाणाक नाय, दुखण्याक नाय. तू हय होतंस. माझ्या घोवाक इतकी वर्सां सांभाळलंस. तुझे उपकार कधी फिटाचे नाय."

ती थांबली. आता "व्हय म्हाराजा" म्हणायची पाळी माझी होती. तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या वाटणीचंही तीच म्हणाली.