तीन इंची पाईप

माझ्या गाडीकडे नवऱ्याने दोन वर्षांत ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यामुळे एका रविवारी सकाळी तो बोनेट उघडून आत डोकं घालून उभा दिसला, तेव्हा मी चहा तसाच ओट्यावर ठेवला आणि आधी बाहेर गेले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. घर राजुरीला, कचेरी घोडेगावला आणि माझ्याकडच्या गावांतलं शेवटचं गाव आहुपे. तिकडे एसटी संध्याकाळी जायची ती मुक्कामालाच. दिवसा जाऊन मुलांची वजनं घेऊन परत यायचं तर स्वतःचं वाहन हवं. म्हणून मी मंचरच्या एका शिक्षकांची जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि चालवायला शिकले. सपाटीला ती बरी धावायची. डिंभ्याच्या पुढे चढ लागला, त्यात ऊन असलं, की धापा टाकायची. मग दोन ठिकाणी थांबून, बोनेट उघडून तिला गार करावं लागायचं.

घरात ते आहुपं कुणालाच नको होतं. त्याच आठवड्यात नवऱ्याने विनंती बदलीचा कोरा अर्ज कुठून तरी आणून माझ्यापुढे ठेवला होता. जुन्नर तालुक्यात बदली, घराच्या जवळ. महिनाअखेर शेवटची तारीख. मी म्हटलं, बघू. मला ते गाव सोडायचं नव्हतं. तिथल्या पोरांची वजनं दोन वर्षं मी ओळीने लिहीत होते आणि आता कुठे आकडे वर सरकायला लागले होते. नवी बाई आली की तिचे पहिले सहा महिने रस्ता ओळखण्यातच जाणार. पण गाडीच चढेना झाली तर अर्ज भरण्यावाचून इलाज नव्हता, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही.

तर असा अर्ज आणणारा माणूस तीनच दिवसांनी माझ्या इंजिनात हात घालतो.

"काय चाललंय?"

"तुझ्या गाडीला गार हवा देतोय."

"म्हणजे काय करताय?"

"अगं, इंजिन हवा कुठनं घेतंय बघ. हितनंच, तापल्याली. गरम हवा पातळ असती, तिच्यात दम नसतो. बाहेरची गार हवा आणून दिली की बघ कशी चढती."

त्याचं आळेफाट्याला पाईपांचं दुकान होतं. शेतीपंप, ठिबक, पीव्हीसी. पाईपवाल्याला कुठल्याही दुखण्यावर पाईपच सुचतो. त्याने पंपाला लावतात तो वाकणारा, कडीकडीचा सक्शन पाईप आणला होता, तीन इंची. त्याचं एक टोक इंजिनावरच्या एअर फिल्टरच्या डब्याच्या नाकाडावर चढवून वरून क्लॅम्प आवळला. दुसरं टोक रेडिएटरच्या बाजूने खाली उतरवून बंपरच्या मागे आणलं. तिथे पीव्हीसीचा एल्बो, काटकोनात वळलेला तुकडा. एल्बोचं तोंड चुलीवर गरम करून नरसाळ्यासारखं फाकवलं होतं. पाईप इंजिनाजवळून जात होता तिथे गोणपाट गुंडाळून तारेने बांधलं.

"वितळला तर?"

"विहिरीवर बारा म्हैने उन्हात असतो की."

"विहिरीवर त्याच्याखाली इंजिन पेटलेलं नसतं."

"तू निस्ती खोट काढत जा."

 क्लॅम्प कुठे कुठे आहेत आणि कुठला स्क्रूड्रायव्हर लागतो, तेवढं मी बघून ठेवलं.

घोडेगावला चहाच्या टपरीवर जीपवाले उभे असायचे. दुसऱ्या दिवशी एकाने बंपरखाली वाकून पाहिलं.

"बाई, गाडीला सोंड फुटली व्हय?"

दुसरा म्हणाला, "आरं गणपती हाय त्यो. हात जोड."

त्या दिवशी गाडी आहुप्यापर्यंत एकदाही न थांबता गेली. जिथे पहिला गियर टाकावा लागायचा, तिथे दुसऱ्यावर चढली. मी ते पाईपच्या खात्यावर टाकलं नाही. सकाळ गार होती, वजनकाटा आणि पोषण आहाराची पोती मागे नव्हती.

घरी आल्या आल्या त्याने विचारलं, "चढली?"

"चढली. पण आज हवा गार होती."

"मग मी दुसरं काय म्हणतोय?"

पुढच्या रविवारी सासूबाईंनी हरभरा काढून घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर पसरला. आमच्याकडे हे सगळेच करायचे. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली घाटे फुटतात, मळणी फुकटात होते. पण त्या दिवशी रस्त्याला वाहनंच कमी. मी किल्ली घेऊन निघाले तर नवरा दुकानाला जाता जाता म्हणाला, "तू गाडी नको घालू त्याच्यावर. मी ट्रॅक्टर सांगितलाय."

"माझ्या गाडीला चाकं नाहीत का?"

"नको म्हणलं ना."

कारण सांगितलं नाही. बायको रस्त्यावर चकरा मारताना गावाने बघू नये, असं मी समजले आणि तो वळणाआड गेल्यावर गाडी काढली. पुढे, मागे, पुढे, मागे. भुसा उडत होता. सासूबाई पदर नाकाला लावून ओरडत होत्या, "अजून दोन चकरा मार गं, कडंचे घाटे राह्यलेत." लागत होत्या त्यापेक्षा चार जास्तच मारल्या.

मंगळवारी आहुपे. महिना संपायला तीन दिवस उरलेले. डिंभे सोडल्यावरच गाडी जड वाटायला लागली. मग मागे काळा धूर, पेट्रोलचा वास. आहुप्याच्या देवराईच्या अलीकडे पहिल्या गियरमध्येही ती पुढे सरकेना. बंद पडली.

मी दगड लावून चाक अडवलं आणि परत आत बसले. डोक्यात सगळं आपोआप जुळत गेलं. आधी अर्ज. मग एकाएकी गाडीचा पुळका. एकदा झकास चढवून माझा विश्वास बसवायचा आणि नेमकी शेवटच्या आठवड्यात घाटात बसवायची. भांडण नाही, तंटा नाही, बाई आपणहून सही करणार. अर्ज पर्समध्येच होता, मीच कधीतरी नावगाव भरून ठेवलेला. मी तो मांडीवर घेतला, पेनही काढलं. मग वाटलं, सही करायचीच आहे, तर या माणसाने नक्की काय करून ठेवलंय ते आधी बघू. भांडायला पुरावा तरी हवा.

क्लॅम्प ढिले केले, पाईप ओढून काढला आणि उलटा धरून झटकला. पसाभर भुसा पडला. घाट्यांची टरफलं, काड्या, वर चार-पाच हरभरे टणटण करत रस्त्यावर गेले. फिल्टरचा डबा उघडला तर आतला कागद भुशाने गच्च लिंपलेला.

तेवढ्यात अंगणवाडीची सेविका वरून उतरत आली. गाडीचा आवाज बंद झालेला तिने ऐकला होता. ती खाली बघत उभी राहिली.

"मॅडम, गाडीला हरभरा चारता का तुम्ही?"

मला हसू आलं नाही. बंपरखालचं ते फाकवलेलं तोंड रस्त्यापासून वीतभर होतं आणि त्याच्यापुढे भुसा मीच उडवला होता. मी फिल्टर दगडावर आपटून साफ केला, पाईप मागच्या सीटवर टाकला आणि गाडी चालू केली. कुरकुरत, पण चढली. पोरं वाट बघत होती.

संध्याकाळी पाईप घेऊन त्याच्यापुढे ठेवला.

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत. माझी बदली व्हावी म्हणून."

त्याने पाईपच्या तोंडात बोट घालून उरलेला भुसा काढला. "बदली व्हावी असं वाटतंच मला. लपवून कशाला ठिवू? पण तू गेलीसच, तर मधीच अडकू नये, एवढंच व्हतं."

"मग हरभऱ्यावर नको म्हणालात तेव्हा कारण का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघा, तुमच्या पायपात खोट हाय."

म्हणाले असतेच. 

दुसऱ्या दिवशी त्याने एल्बोचं तोंड बंपरच्या वर, जाळीच्या मागे आणलं आणि त्याला ठिबकच्या फिल्टरची बारीक जाळी बांधली. मी बाजूला उभी राहून प्रत्येक क्लॅम्प हलवून पाहिला. एक ढिला निघाला. तो मी आवळला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी भर दुपारी, उन्हाच्या कारात, काटा आणि आहाराची दोन पोती मागे टाकून आहुप्याला गेले. मुद्दामच दुपार निवडली. गाडी एकदा थांबली, चढावर नाही, पुढे मेंढ्या आडव्या आल्या म्हणून. कचेरी बंद व्हायच्या, म्हणजे अर्जाची मुदत संपायच्या वेळेला मी एका रडणाऱ्या पोरीला काट्याच्या झोळीत बसवून आकडा वाचत होते. पावणेदहा किलो. मागच्या महिन्यात सव्वानऊ होती. सेविका म्हणाली, पुन्हा बघा. मी पुन्हा पाहिलं. पावणेदहाच होती.